‘पेशंट गोळ्या सोडतात’ म्हणणाऱ्यांसाठी

परवा एका लग्नात एक शिकलेले गृहस्थ म्हणाले की हे टीबीवाले मध्येच औषध सोडतात आणि रोग वाढवून ठेवतात. मी ताटावरून उठले नाही एवढंच. आता लिहून टाकते.

माझ्या आतेभावाला २०१७ला एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, निघाला. दादा गोवंडीला राहायचा, रोजंदारीवर. तेव्हाचा कोर्स दोन वर्षांचा, त्यात पहिले सहा महिने कानामायसिनचं इंजेक्शन. सेंटर उघडायचं नऊला आणि दादाचा मुकादम आठलाच हजेरी घ्यायचा, म्हणजे इंजेक्शन घ्यायचं तर खाडा. वर इथिओनामाइडनं इतकं मळमळायचं की वहिनीनं केलेली पेज तशीच परत जायची, आणि रिकाम्या पोटी मूठभर गोळ्या कशा गिळायच्या ते त्या गृहस्थांनी सांगावं. सायक्लोसेरिननं तर रात्री उठून बसायचा, उगाच रडायचा, घरचे म्हणाले बाहेरचं काहीतरी लागलंय!! गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात लपवलेलं, घरमालकाला कळलं तर खोली खाली करायला लावेल म्हणून.

चौथ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढलं आणि त्यानं सगळं बंद केलं. बरं वाटायला लागलं की माणूस पहिल्यांदा पोटाकडे बघतो, एक्सरेकडे नाही. (सरकारकडून पेशंटला पोषणाचे महिना पाचशे रुपये एप्रिल २०१८पासून सुरू झाले, आता हजार आहेत, पण खातं गावच्या बँकेत असेल तर ते काढायला जायचं कोणी?)

आणि २०२३ला सरकारी सेंटरवरच लिनेझोलिड, क्लोफाझिमिन ही एमडीआरची औषधं मिळत नव्हती, तेव्हा औषध नक्की कोणी सोडलं होतं?

सप्टेंबर २०२४मध्ये आपल्याकडे एमडीआरच्या सहा महिन्यांच्या बीपाल्म या कोर्सला मंजुरी मिळाली, त्यात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन, सुई नाही. ज्यांना तो चालतो त्यांच्यासाठी खरंच मोठी गोष्ट आहे. पण लिनेझोलिडनं पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं, तेव्हा ‘असं होतंय’ हे ऐकून घेणारं कोणी नसेल तर सहा महिनेही लांबच.

दादाला परत औषधावर आणलं ते एचव्ही ताईंनी, म्हणजे टीबी सेंटरच्या हेल्थ व्हिजिटरनी. दादा कामावरून सुटल्यावर रात्री साडेआठला घरी आल्या, ओरडल्या नाहीत, कानात काय होतंय विचारलं, कारण कानामायसिननं ऐकू येणं जाऊ शकतं. ते तोवर कुणी विचारलंच नव्हतं. कानाची तपासणी झाली, डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं, कोर्स पहिल्यापासून सुरू झाला आणि पुरा झाला. कुकरच्या शिट्ट्या त्याला अजून ऐकू येत नाहीत, वहिनी बोटांनी दाखवते, तीन झाल्या.