आप्पांचा बॅकअप

आमच्या फ्लेक्सच्या धंद्यात ऑर्डर दोन मापांत येते, फूट आणि डोकी. "दहा बाय वीस, पस्तीस डोकी, उद्या सकाळी आठला चौकात पायजे" एवढंच फोनवर सांगतात आणि ठेवून देतात. भाऊंचा वाढदिवस दरवर्षी त्याच तारखेला येतो तरी ऑर्डर आदल्या रात्रीच का येते हे मला पंधरा वर्षांत कळलेलं नाही.

आता दहा बाय वीसचा बॅनर फोटोशॉपमध्ये 72 रिझोल्यूशनला, म्हणजे इंचाला 72 पिक्सेल, आणि सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत उघडला की एक पूर्ण भरलेला लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, जवळजवळ 600 एमबी मेमरी खातो. त्यावर भाऊ, भाऊंच्या मागे सूर्याची किरणं, किरणांच्या मागे वाघ, खाली पस्तीस डोकी आणि प्रत्येक डोक्याला वेगळी सावली, कारण सावली नसली की तो माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन विचारतो, माझ्यावरच काय राग आहे का. मागच्या वर्षी आमच्या शिकाऊ पोराने क्वालिटी चांगली यावी म्हणून हाच बॅनर 300 ला घेतला. म्हणजे 36 हजार बाय 72 हजार पिक्सेल. पीएसडी, म्हणजे सगळे लेयर सुटे ठेवणारी फोटोशॉपची मूळ फाईल, कुठल्याही बाजूला 30 हजारांच्या वर जातच नाही आणि 2 जीबीच्या वर सेव्हही होत नाही, त्याला पीएसबी नावाची तिची मोठी बहीण लागते, पण तिथपर्यंत पोचलोच नाही, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि स्क्रीनवर आलं, स्क्रॅच डिस्क्स आर फुल.

हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा वाचलंय तितक्यांदा हनुमान चालीसा वाचली असती तर आज पीसी तरी आपोआप चालला असता. रॅम पुरली नाही की फोटोशॉप हार्डडिस्कवर जागा मागतं, ती बहुतेक सी ड्राईव्हवर, आणि माझा सी ड्राईव्ह 120 जीबीचा आहे, त्यात विंडोज, कोरल, मराठी फॉन्टचे सतरा पॅक आणि मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ. व्हिडिओ डिलीट करता येत नाही, बायको महिन्यातून एकदा चेक करते.

म्हणून मोठी डिस्क आणली, 1 टीबी. लावली तर 931 जीबी. मी तशीच उचलून दुकानात गेलो आणि म्हणालो, किलोला 931 ग्रॅम देता होय? त्याने शांतपणे समजावलं की कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, डिस्क तेवढीच आहे. पटलं. पण तिथून आल्यापासून दूधवाल्याकडे मी जरा संशयाने बघतो.

ती 931 पण दोन वर्षांत भरली. कशी, तर "भाऊ बर्थडे फायनल", "भाऊ बर्थडे फायनल नवीन", "भाऊ फायनल आता नक्की", आणि बॅकअप नावाच्या फोल्डरात पुन्हा बॅकअप नावाचं फोल्डर ज्यात हेच सगळं. आमच्या गावातला एक फोटोग्राफर मला 3-2-1 चा नियम सांगायचा, पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो रूढ केला म्हणे: तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक जागेच्या बाहेर. मी म्हटलं माझ्या सात कॉप्या आहेत. तो म्हणाला एकाच डिस्कवर? मी म्हटलं हो, म्हणजे शोधायला नको. मग तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. दरवर्षी 31 मार्चला वर्ल्ड बॅकअप डे असतो असंही त्यानेच सांगितलेलं, पण 31 मार्चला मी उधारीच्या मागे फिरत असतो.

तर जागा करायची म्हणून एका दुपारी झाडू मारला. पीएसडी 1.8 जीबी आणि तिचीच जेपीजी 6 एमबी, दिसायला तर दोन्ही सेम, मग ठेवायची कशाला? आणि आप्पांचं फोल्डर तर बिनधास्त उडवलं, कारण आप्पा तेव्हाच भाऊंना सोडून दुसऱ्या गटात गेले होते. शिफ्ट-डिलीट. 40 जीबी मोकळे झाले, फार हलकं वाटलं.

या वर्षी वाढदिवसाच्या आदल्या रात्री दहाला भाऊंचा पोरगा आला. "आप्पा परत आलेत. भाऊंच्या शेजारी घ्यायचे, मोठे. तोच हात जोडलेला फोटो."

मी म्हटलं नवीन फोटो काढू. तर आप्पा तिरुपतीला, आणि केस देऊन बसलेले. मिशीसकट.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. जेपीजीत आप्पा होते, पण नखाएवढे, आणि त्यांच्या कानावर केकची मेणबत्ती आलेली. व्हॉट्सअपवर एक फोटो मिळाला, 58 केबी, वीस फुटावर ताणला तर आप्पा तिळगुळाच्या वडीसारखे दिसायला लागले. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्री बारापर्यंत चाललं आणि त्यातून मेव्हण्याच्या लग्नाचे अजून 300 फोटो निघाले. जुना पेन ड्राईव्ह सापडला, त्यात आप्पा नव्हते, कारण तो जुन्या फॉरमॅटचा, 4 जीबीच्या वरची फाईल घेतच नाही, आणि तेव्हा मी झिप करून टाकायला गेलो होतो 5 जीबीची, कॉपी झाली नाही हे बघायला थांबलोच नव्हतो.

साडेबाराला शिकाऊ पोरगा म्हणाला, "दादा, मामांच्या कडब्यावर आप्पा आहेत."

दोन वर्षांपूर्वीचा दहा बाय वीस. वाढदिवस झाल्यावर मामांनी चौकातून सोडून नेलेला. गाडी काढली, पाच किलोमीटर, मोबाईलची टॉर्च मारली तर कडब्याच्या गंजीवर आप्पा हात जोडून उताणे, चार फुटांचे, एकदम क्लियर. नाकावरून सुतळी गेली होती आणि खांद्यावर कावळ्याने सही केली होती, पण ते फोटोशॉपच्या क्लोन स्टॅम्पने निघतं. पोराला शिडीवर चढवून सहा फोटो काढले.

मामा गोधडी गुंडाळून बाहेर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुतळी परत ताणून बांधली, फ्लेक्स हलला नाही ना बघितलं, आणि म्हणाले,

"गोठ्यावर अजून दोन हायेत. कोण कोण परत आलंय?"