हातउसने घेणाऱ्यांसाठी चार शब्द

पैसे मागायला निघताना 'कर्ज' हा शब्द घरीच ठेवून निघा. तो तोंडातून बाहेर पडला की समोरच्याला जामीनदार आठवतो, तारण आठवतं आणि त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहते. कोल्हापुरात मिरजकर तिकटीला उभं राहून कुणी "भावा, पाच हजार कर्ज दे" म्हटल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. "पाच हजार हाईत काय, हातउसने?" असं म्हणायचं. या हाताचं त्या हाताला. कागद नाही, व्याज नाही आणि परत कधी देणार हे विचारणं म्हणजे दोस्तीचा अपमान. समोरच्यानं निर्लज्जपणे विचारलंच तर "एक तारखेला" म्हणावं. महिना सांगू नये.

हा शब्द खरं तर आमच्या आयांचा. शिवाजी पेठेत वाटीभर साखर पदराखाली झाकून या घरातून त्या घरात 'उसनी' जायची. परत यायची तीही त्याच वाटीतून, पण शीग लावून. काठोकाठ भरलेली वाटीसुद्धा जरा कमीच समजत. लिहून कुणीच ठेवत नसे, पण कुणाची वाटी सपाट आली हे गल्लीला पाठ असे. तुम्ही यातला शब्द तेवढा घ्या. शीग त्यांची त्यांना राहू दे.

दुकानात मात्र उसनं चालत नाही, तिथं उधार. इथं मागण्याचा सूरच लावायचा नाही. पिशवी उचलायची, पायरी उतरायची आणि पाठ वळल्यावर "मांडून ठेवा मामा" असं म्हणायचं. आज्ञार्थ महत्त्वाचा. ऐकणाऱ्याला वाटावं, तुम्ही त्याला काम दिलंय. 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी दिसली तर वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी जा. जाता जाता एक : हा 'उधार' संस्कृतातल्या 'उद्धार'वरून आलाय, आणि तिथं त्याचा एक अर्थ ऋण असाच आहे. तुम्ही दुकानावरून न जाता पलीकडच्या बोळानं जायला लागलात की मामा तुमच्या सात पिढ्यांचा जो करतात, तोही उद्धारच. शब्द शेवटी मूळ घरी पोचतो.

तिसरा शब्द 'उचल'. तो कसा वापरावा हे शिकायचं तर आमच्या जिल्ह्यात या. ऊस शेतकऱ्याचा, बारा-चौदा महिने पाणी पाजलं त्यानं, पैसे त्याचे. तरी पहिल्या हप्त्याचं नाव काय, तर 'पहिली उचल'. जणू बिचाऱ्या कारखान्याचं काहीतरी उचलून हाच पळालाय. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. पण एकदा 'उचल' म्हटलं की घेणारा ओशाळतो आणि देणारा दाता होतो. व्याजाची आठवण करून देणारा तर आंदोलकच ठरतो. (ऊसतोड टोळीची उचल निराळी. हंगामाआधी घेतलेली ती रक्कम मोळ्या बांधून फेडायची. नाही फिटली तर बाकी अंगावर, आणि पुढच्या हंगामाला कोयता पुन्हा त्याच मुकादमाकडे. त्या उचलीवर मला विनोद सुचत नाही.)

कायद्याला घाबरू नका. जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट होतं : सावकाराचं व्याज एका वेळी मुद्दलाच्या वर जायचं नाही. दोस्ताकडून घेतलं की मुद्दलही वर येत नाही, ही सुधारणा आपली. शिवाय 1963 च्या मुदत कायद्यानं दिलेले पैसे वसूल करायला दावा लावायचा तर साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. मुदतीच्या आत तुम्ही लेखी कबुली दिलीत तर मात्र तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणून "देतो की" हे तोंडीच म्हणावं, मनापासून म्हणावं, लिहून कधी देऊ नये.

राहिला चौथा शब्द, आणि हा तुम्हाला वापरावासुद्धा लागत नाही, दोस्तच वापरतो. मराठीत नवीन पैसे मागायचे असोत की आपले परत, क्रियापद एकच : मागणे. सात-आठ महिन्यांनी तो संध्याकाळी रंकाळ्यावर गाठेल. आधी तुमच्या आईची तब्येत विचारेल. मग भेळेच्या कागदाकडं बघत, "राग मानू नकोस, जरा अडचण हाय, पैसं मागायला आलोय" म्हणेल. घाई करू नका. भेळेचा घास संपवा. खांद्यावर हात ठेवून विचारा, "किती पायजेत?"

तो गोंधळून "हजारभर तरी" म्हणेल. पाचशे काढा. मोजून, दोन्ही हातांनी द्या. "लई उपकार झालं भावा" म्हणून तो गाडीला किक मारेल, तेव्हा मागून हाक मारून सांगा, "परत द्यायची गडबड करू नकोस."