साहेबांचा टॅक्स कमी झालाय, पेढे तुम्ही वाटा

कामगार फार कृतघ्न झालाय. वरच्यांना सवलती मिळतात त्या त्याच्याच भल्यासाठी असतात, पण त्याला मेल्याला ते उमगतच नाही. ही खंत माझी नाही, आमच्या एमडी साहेबांची आहे. गेल्या महिन्यात इन्क्रिमेंटची पत्रं वाटण्याआधी त्यांनी ती कॅन्टीनमध्ये माइकवरून बोलून दाखवली. "गव्हर्नमेंटनं इंडस्ट्रीचा टॅक्स कमी केला तो कुणासाठी? तुमच्यासाठीच ना? वर आलं की खाली येणारच. जरा धीर धरा."

मग लिफाफे वाटले. माझ्या पत्रात महिना साडेसहाशे रुपयांची वाढ होती. मागच्या पानावर, बारीक टायपात, जेवणाचं कूपन २५ रुपयांवरून ४० रुपये केल्याची सूचना होती. महिन्याच्या सव्वीस जेवणांचे ३९० रुपये तिथल्या तिथे परत. उरलेल्या २६० मध्ये पीएफची कपात बसवा आणि जे राहील त्यात मजा करा. एचआरच्या मॅडमनी सगळ्यांना अंगठा वर करायला लावून फोटो काढला. मीही केला. फोटोत मी खूश दिसतो म्हणतात.

तर माझ्यासारखं खूश राहायचं असेल, तर चाकणपासून बुटीबोरीपर्यंतच्या तमाम नोकरदार बंधुभगिनींनी पुढच्या सूचना ध्यानात ठेवाव्यात.

आधी एक तारीख पाठ करा. २० सप्टेंबर २०१९. गणपती आणि नवरात्र यांच्या मधला शुक्रवार. पणजीत जीएसटी परिषदेची बैठक होती. ती सुरू होण्याआधी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. अट एवढीच, की इतर सूटसवलती सोडायच्या. नव्या कारखानदारी कंपन्यांना तर फक्त १५ टक्के. तिजोरीला वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा खड्डा पडेल, हा आकडाही सरकारनंच सांगितला. जुलैत अर्थसंकल्प होऊन गेला होता, पण थांबायला वेळ कुणाला? वटहुकूम काढला. आमच्या युनियनचा वेतन करार संपल्यावर पुढचा व्हायला दीड-दीड वर्ष लागतं, तेव्हा साहेब म्हणतात, असे निर्णय घाईत होत नसतात. बरोबरच आहे. घाई कशात करायची हे कळायला एमडी व्हावं लागतं.

त्या दिवशी सेन्सेक्स १९०० अंकांच्या वर उडाला. असं झालं की कॉलर ताठ करावी. आपला एकही शेअर नसला तरी.

वार्षिक पाच कोटींच्या वर कमावणाऱ्यांचा अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, २०२३ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत ३७ टक्क्यांवरून २५ वर आला. तुमचं उत्पन्न पाच कोटींच्या किंचित खाली राहिलं असेल, तर ही सवलत हुकली म्हणून मन खट्टू करून घेऊ नका.

कर भरताना समतेचा आनंद घ्यायला शिका. पगाराच्या स्लिपवर 'पीटी' असं दोन अक्षरांत लिहिलेलं असतं, तो व्यवसाय कर. पुरुषाचा पगार दहा हजारांच्या वर गेला की महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. (बायकांना पंचवीस हजारांपर्यंत माफ आहे, ते एक बरं केलं.) राज्यघटनेच्या कलम २७६ नं या कराला वरची मर्यादाच २५०० रुपयांची घातली आहे. त्यामुळे गेटवर रात्रपाळी करणारा आमचा वॉचमन वर्षाला २५०० भरतो आणि ज्याच्या गाडीला तो सलाम ठोकतो तो साहेबही २५०० च भरतो. महाराष्ट्रात १९७५ साली हा कर आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत वॉचमनचा आणि कारखानदाराचा वाटा सारखाच. यापेक्षा मोठा समाजवाद कुठे बघितलाय का तुम्ही?

कुणी म्हणालं, "तुम्ही लोक कुठे टॅक्स भरता? आम्ही मूठभर भरतो आणि देश चालतो," तर मान खाली घाला. २९९ च्या रिचार्जमध्ये ४५ रुपये जीएसटीचे असतात, हे मनातसुद्धा आणू नका. साहेबांनी तोच रिचार्ज मारला तर त्यांचेही ४५ च. जुलै २०२२ मध्ये लेबल लावलेल्या पाकीटबंद पिठावर आणि दह्यावर पाच टक्के लागले, तेव्हा आपण काही बोललो का? मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये गाड्या दारात उभ्या असताना, केंद्रानं पेट्रोलवर लिटरमागे एका रात्रीत दहा रुपये चढवले, तेव्हा बोललो का? नंतर ते उतरवले, नाही असं नाही, पण दीड-दोन वर्षांनी. आणि १२ लाखांपर्यंत आयकर माफ झाला तेव्हा तर आमच्या स्टोअरमधल्या पोरांनी पण स्टेटस ठेवले. अठरा हजारांवर राबणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न होतं दोन लाख सोळा हजार. त्याला आयकर कधी लागतच नव्हता रे! पण आनंद कुणाचाही असो, आपण सामील व्हावं.

कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तेवढाच महागाईचा विचार करायला तीन तास कमी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, धीर कसा धरावा.

धीर धरायचा म्हणजे नुसतं गप्प बसायचं असं नाही. त्याला अभ्यास लागतो. वर सोडलेला पैसा खाली झिरपतो हे शास्त्र आहे, आणि शास्त्राला प्रश्न विचारत नसतात. रिझर्व्ह बँकेला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. २०१९-२० च्या वार्षिक अहवालात तिनं लिहून टाकलं, की करकपातीतून वाचलेला पैसा कंपन्यांनी कर्ज फेडायला आणि रोकड साठवायला वापरला, नव्या गुंतवणुकीचं चक्र काही त्यातून फिरलं नाही. ठीक आहे, म्हटलं, कोरोना आहे, कोण कशाला नवा शेड टाकेल? थांबलो. मग २०२३-२४ चं आर्थिक सर्वेक्षण आलं. हे सरकारचंच बाड, विरोधकांचं नाही. त्यात म्हटलंय की २०१९-२० ते २०२२-२३ या काळात ३३ हजारांहून जास्त कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला आणि नोकरभरती व पगारवाढ त्याच्या जवळपासही पोचली नाही. चौपट! तेही कोरोनाच्या काळात! तरी आम्ही थांबलो. त्याच्या पुढच्या वर्षीचं सर्वेक्षण आलं. मोठ्या कंपन्यांचा नफा २०२३-२४ मध्ये २२.३ टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या वाढल्या दीड टक्का. दीड! आमच्या इन्क्रिमेंटची प्रेरणा कुठून आली ते तेव्हा कळलं.

आणि ते दीड टक्के तरी कसले? आमच्या शेजारच्या लाइनला एक पोरगा आहे, लातूरकडचा, आयटीआय फिटर. हात असा बसलेला की जिग लावताना बघायला थांबावं. तो लागला तेव्हापासून ठेकेदार बदलत गेले, पोरगा तोच, मशीन तेच, नाश्त्याला मिळणारा पावही तोच. अकरा महिने झाले की 'ब्रेक'. आठ-दहा दिवस घरी बसवायचं, मग नव्या ठेकेदाराच्या नावाचा नवा गेटपास, नवा टोकन नंबर, पुन्हा हेल्परच्या ग्रेडला. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात म्हणे, याच्या पाच वर्षांचे इतके तुकडे केलेत की जोडता जोडता कामगार आयुक्तांनाही घाम फुटेल. परमनंट माणूस शंभर रुपयांचं काम करतो तेच हा करतो, घेतो चाळीस. मधले साठ कुठे जातात? करकपातीतून वाचलेले पैसे कुठे गेले? हे दोन प्रश्न मला वेगळे वाटतच नाहीत, आणि मी साहेबांसमोर ते विचारलेही नाहीत, कारण मला दोन पोरं आहेत आणि गाडीचे हप्ते आहेत.

कुणी म्हणेल, कर कमी केलाच नाही तर धंदा वाढेल कसा? धंदेवाल्यांवर माझा राग नाही. पण भोसरीत दोन लेथ टाकून बसलेल्या भागीदारी फर्मला विचारा २२ टक्क्यांचा फायदा मिळाला का. तो फक्त 'कंपनी'ला. फर्म अजून ३० टक्केच भरते. ज्या छोट्या वर्कशॉपात मालक स्वतः पोरांबरोबर डबा खातो, जिथे एखादी ऑर्डर वाढली तर खरोखरच आणखी एक हात लागतो, त्याचा दर जास्त. ज्यांचा नफा चौपट, त्यांचा दर कमी. हे रोजगारासाठी केलं म्हणता? कुणाच्या?

२०२३-२४ मध्ये देशातल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून कर भरला ९ लाख ११ हजार कोटी आणि माणसांच्या वैयक्तिक आयकरातून जमले १० लाख ४४ हजार कोटी. एके काळी कंपन्यांचा आकडा वर असायचा. वर सोडलेलं खाली कुठून भरून काढतात, ते यात आहे.

झिरपण्याची वाट बघायला सांगणंही नवं नाही. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं, शिक्षणाच्या बाबतीत. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, तो खर्च होतो वरच्या वर्गाला शिकवण्यावर, आणि त्यांच्याकडून ते शिक्षण खाली पोचेल ही आशा फोल ठरली आहे. दीडशे वर्षं होत आली. बोलणारे बदलले, माइक आला, कॅन्टीन आलं, ऐकायला आपणच.

आणि आता जरा तुमच्याशी बोलतो. सूचना पुरे झाल्या.

एमडी बोलतो ते त्याच्या फायद्याचं बोलतो. त्यानं का बोलू नये? पण तो बोलत असताना पुढच्या रांगेत टाळ्या कोण वाजवत होतं? आपणच ना? लिफाफा उघडून तोंड कडू झालेले, बाहेर पार्किंगमध्ये शिव्या घालणारे, तेच आत टाळ्या वाजवत होते. सोसायटीच्या ग्रुपवर लाडक्या बहिणीच्या दीड हजारावरून रोज कोण हाणामारी करतं? "राज्य विकून खाल्लं या बायकांनी," असं लिहिणारा माझ्याच खात्यात काम करतो, आणि त्याच्या बायकोच्या खात्यावर ते पैसे येतात. दीड हजारावर एवढा जीव जाळता, दीड लाख कोटींवर कधी एक ओळ लिहिलीत? हिशेब येत नाही असं सांगू नका. ओव्हरटाइमचे चार तास साडेतीन लावले तर सुपरवायझरची गचांडी धरता तुम्ही.

जुलै २०१९ मध्ये केंद्रानं किमान मजुरीचा देशपातळीवरचा तळ ठरवला, रोजचे १७८ रुपये. आधी होते १७६. दोन रुपयांची वाढ. नंतर कित्येक वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. त्याच वर्षी, दोन महिन्यांनी, पणजीतून ती करकपातीची घोषणा झाली. पीएफच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. हजार! म्हातारी माणसं त्यासाठी बुलडाण्यात उपोषणाला बसली. तिथून जाताना तुमच्यातल्या किती जणांनी गाडी थांबवली?

लाज वाटू द्या थोडी. मला वाटते, फोटोत अंगठा आहे माझा.

शेअर बाजारातल्या कंपनीला तिच्या संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे आणि कुणाची वाढ किती टक्के झाली, हे कायद्यानं दरवर्षी अहवालात छापावं लागतं. मोठ्या कंपन्यांना परमनंट किती आणि बाकीचे किती, हेही सांगावं लागतं. आमच्यासारखी बाजारात नसलेली कंपनी ते छापत नाही. पण आम्ही ज्यांना माल पुरवतो त्या छापतात, आणि तुमच्यातले निम्मे अशाच कंपन्यांत आहेत. अहवाल फुकट असतो, मोबाइलवर उघडतो. रात्री दीडपर्यंत रील सरकवायला अंगठा चालतो ना, मग त्याच अंगठ्यानं ते पान उघडा, आकडे कागदावर उतरवा, आणि पुढच्या वेळी माइकवरून कुणी धीर धरायला सांगितला की टाळ्यांच्या जागी तो कागद वाचून दाखवा. एकट्याला भीती वाटत असेल तर चौघं मिळून उभे राहा.