माशांनो, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा!

यंदा जपान ठरलंय ना? साकुरा (म्हणजे चेरीचा बहर), फूजी, बुलेट ट्रेन, आणि टोकियोच्या दिवसात कुठेतरी 'टीमलॅब' असं छापलेलं असेल, म्हणजे ती आत शिरून बघायची डिजिटल कलेची दालनं. वा! नुकताच तिथलं सगळं बघून (म्हणजे जेवढं बघू दिलं तेवढं) आलोय, तेव्हा चार हिताच्या गोष्टी सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी, काहीही वाचून जाऊ नका. २००१ साली तोशियुकी इनोको आणि त्याच्या मित्रांनी हा गट काढला, त्यात चित्रकारांच्या बरोबरीने प्रोग्रामर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, गणितवाले बसून काम करतात, वगैरे माहिती डोक्यात भरून काय करणार? कॅप्शनला 'जपान डायरीज' आणि दोन फुलं एवढं पुरतं.

टोकियोत टीमलॅबची दोन ठिकाणं आहेत. तोयोसूला 'प्लॅनेट्स' आणि अझाबुदाई हिल्समध्ये 'बॉर्डरलेस'. आपलं तिकीट कुठलं आहे ते अजिबात बघू नका. टॅक्सीवाल्याला बघू दे.

तिकीट ऑनलाइन, ठरलेल्या वेळेचं, आणि दिवसाप्रमाणे भावही बदलतो. म्हणून आधी काढू नये. ऐन साकुराच्या गर्दीत थेट दारात जावं आणि 'फॅमिली आहे हो, करा काहीतरी ॲडजस्ट' म्हणावं. तो माणूस कमरेत वाकून नाही म्हणतो. तेवढाच एक व्हिडिओ.

टूरवाल्यांनी पाऊण तास दिला असेल तर तक्रार करू नका. त्यात बूट-मोजे काढणं, लॉकर शोधणं, किल्ली कुणाकडे दिली यावरून नवरा-बायकोचं वाजणं, हे सगळं धरलेलं असतं.

कपडे. 'प्लॅनेट्स'मध्ये अनवाणी फिरायचं असतं आणि एका दालनात पाणी पार गुडघ्यापर्यंत येतं. तेव्हा जीन्स अशी घट्ट घाला की पोटरीच्या वर सरकता कामा नये. काही ठिकाणी जमिनीला आरसे आहेत, म्हणून ते लोक स्कर्ट नको सांगतात आणि हाफ पँट वापरायलाही देतात, पण आपण थोडीच ऐकणार आहोत. आमच्या ग्रुपमधल्या एक ताई नऊवारी नेसून, नथ घालून आल्या होत्या. यात उपरोध नाही, काष्टा त्या पाण्याला खरोखर सोयीचा. पुढे त्यांनी जे केलं ते सांगतोच.

सेल्फी स्टिकला बंदी आहे. म्हणजे इतरांना.

ऑर्किडच्या दालनात १३,००० हून जास्त जिवंत ऑर्किड हवेत लटकवलेली आहेत. आपण जवळ गेलो की ती वर सरकतात आणि आपल्यापुरती जागा करून देतात. सकाळी वेगळा वास, संध्याकाळी वेगळा, कारण ज्या किड्यासाठी ते फूल उमलतं त्याच्या वेळेला त्याचा वास वाढतो. पण वास रीलमध्ये येत नाही, तेव्हा हे दालन भरभर उरका.

आता मुख्य मुद्दा. पाण्याचं दालन.

अंधार असतो, पाणी दुधट. त्यावर उजेडाचे 'कोई' मासे (जपानी तळ्यांतले ते रंगीत) पोहत येतात. मासा तुमच्या पायाला धडकला की त्याचं फूल होतं आणि विस्कटून जातं. हे आधी चित्रित करून ठेवलेलं नाही. कॉम्प्युटर ते त्या त्या क्षणी काढत असतो आणि पाण्यात कोण कुठे उभं आहे, कोण कसं चालतंय, यावर मासे कुठे वळायचं ते ठरवतात. आत्ता दिसलेलं पुन्हा दिसत नाही. म्हणजे तुमच्या शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस त्या चित्राचाच भाग आहे. तो आहे म्हणून मासे तसे वळलेत. इतरांचं असणं सुंदर वाटावं, हेच तर टीमलॅबवाले सांगत असतात. बिचारे. त्यांना आपला ग्रुप माहीत नव्हता.

तेव्हा तुमचं पहिलं काम हे की इतरांना हाकलायचं. एकाने मोबाइल धरावा, दुसऱ्याने पाण्यावर आपल्या मोबाइलचा टॉर्च मारावा (अंधारातली कलाकृती आहे ना, दिसायला नको?), आणि उरलेल्यांनी हात आडवे करून वाहतूक अडवावी. 'वन मिनिट, वन मिनिट' म्हणत राहावं. नऊवारीवाल्या ताईंनी गिरकी घ्यावी. घेतली. मग केस तोंडावर आले म्हणून पुन्हा घ्यावी. मग मागून कुणीतरी गेलं म्हणून पुन्हा. मग गाण्याच्या ठेक्यावर हात जमला नाही म्हणून पुन्हा. मी भिंतीला चिकटून उभा. मला, 'काका, तुम्ही पण जरा तिकडे व्हा ना, फ्रेममध्ये येताय.' बरं, काका झाले. इथवर ठीक आहे, काकांना सवय आहे.

पण तिथे एक जपानी पोरगं होतं. सहा-सात वर्षांचं असेल. चड्डी मांडीपर्यंत भिजलेली, दोन्ही हात पाण्यात घालून माशाची वाट बघत वाकलेलं. एक मासा त्याच्याकडे यायला लागला, तसा त्याने श्वासच धरला. आणि तेवढ्यात आमच्यातल्या एका उत्साही दिग्दर्शकाने त्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केलं! 'बेबी, मूव्ह, मूव्ह.' पोराचा बाप धावत आला आणि वाकून माफी मागायला लागला. माफी त्याने मागितली! पोराला ओढून घेऊन गेला. इकडे ताईंचा टेक पुन्हा सुरू, आणि बाकीच्यांच्या टाळ्या.

पुढची टीप अशी की... जाऊ दे. कसली टीप?

अहो, लाजा कशा वाटत नाहीत? फोटो काढू नका असं कोण म्हणतंय? तिथे फोटोला परवानगी आहे, मीही काढले. एक काढा, दोन काढा आणि सरका की पुढे. पंधरा मिनिटं एका जागी नाका अडवून बसायला तुम्ही ते दालन विकत घेतलंय का? 'पैसे मोजलेत' म्हणता, मग बाकीचे काय पासवर आलेत? तुमच्या त्या व्हिडिओत मासे नाहीतच, मी बघितलाय, ग्रुपवर तुम्हीच टाकलात. टॉर्चच्या उजेडात सगळे मासे पुसले गेलेत. पांढरं पाणी आणि त्यात एक गिरकी, बास. ती गिरकी घरच्या बाथटबमध्येही झाली असती, त्यासाठी व्हिसा कशाला काढला?

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो माहीत आहे? परत आल्यावर हीच मंडळी सोसायटीच्या गणपतीत माइक धरून सांगणार, 'जपानी लोकांची शिस्त बघा, रांगेत कसे उभे राहतात, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून किती जपतात, आपल्याकडे हे कधी येणार?' तुमच्याकडे कधी येणार ते सांगा आधी. तो बाप तुमच्यासमोर वाकला होता तेव्हा तुम्ही स्क्रीनवर नथ सरळ आहे का ते बघत होतात. बाकी काही नाही तर निदान त्या पोराला सॉरी तरी म्हणायचं होतं.