बिनपगारी स्पॅनिश विभाग

जळगावात कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" आणि आपण "शिक्षिका आहे" म्हटलं, की समोरचा समाधानानं मान हलवतो आणि कापसाच्या भावाकडे वळतो. दोघांचंही भलं होतं. पण एखादा चिकट माणूस भेटतोच. "विषय कोणता?" मग मला "स्पॅनिश" म्हणावं लागतं, आणि कापूस राहतो बाजूला.

"म्हणजे इंग्लिशच ना, थोडं वेगळं?" इथून सुरुवात होते. मग "ते इथं कुणाशी बोलायचं?" आणि शेवटी खास आपल्याकडचा व्यवहारी प्रश्न, "मार्क पडतात का पण? संस्कृतला शंभरपैकी शंभर पडतात." पहिल्या दोन प्रश्नांना आमच्या मॅडम हसून उत्तर देतात. (घरातही त्यांना सगळे मॅडमच म्हणतात. मी आधी गमतीनं म्हणायचो, आता भीतीनं म्हणतो.) तिसरा प्रश्न मात्र वर्मी लागतो. दर जूनमध्ये शाळेत भाषा निवडायचे अर्ज येतात आणि संस्कृत, फ्रेंच यांच्या तावडीतून जेवढी पोरं सुटतील तेवढ्यांवर स्पॅनिशचा वर्ग चालतो. "वीस देशांची राजभाषा आहे," असं मॅडम पालकांना कळकळीनं सांगतात. पालक विचारतात, "त्यातला जळगावला जवळचा कोणता?"

माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. गोदामातल्या एका रॅकवर तणनाशकाच्या खोक्यांच्या वर गेल्या काही वर्षांच्या उत्तरपत्रिका आहेत, कारण घरात त्यांना जागा उरलेली नाही आणि रद्दीत घालायला मॅडमचा जीव होत नाही. याच दुकानात रावेरकडचे एक केळी बागायतदार येतात. मॅडम स्पॅनिश शिकवतात हे त्यांना कळलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. ते कुणाचेही चमकले नव्हते, म्हणून मी लगेच मॅडमना फोन लावून दिला.

"मॅडम, स्पेनमध्ये आपली केळी जातील का?"

"काका, त्यांची स्वतःची आहेत. कॅनरी बेटांवर पिकतात."

"बरं, मग दुसरा कोणता देश बोलतो ही भाषा?"

"इक्वेडोर."

काका जाणकार. ते गप्प झाले. केळीच्या निर्यातीत इक्वेडोर जगात पहिला, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. मग कोलंबिया झाला, कोस्टा रिका झाला, ग्वाटेमाला, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक झाले. प्रत्येक नावाला काकांचा चेहरा उतरत गेला. मॅडम तिकडून उत्साहानं देश सांगतायत, आणि इकडे काकांना कळून चुकलंय की आपल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण पेढे वाटले खरे, पण जगाच्या बाजारात जे जे आपल्या पुढे उभे आहेत ते बहुतेक सगळे याच भाषेत भाव करतात.

"म्हणजे मॅडम, तुम्ही भाऊबंदांची भाषा शिकवता!" काका म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण दोन मिनिटं विचार करून त्यांनी नातवाचा अर्ज स्पॅनिशला भरायचं ठरवलं. "शेजारच्या बांधावर काय बोलणं चाललंय ते आपल्याला समजायला नको?"

त्या दिवशी मॅडमनी मला जेवताना स्वतःहून दुसऱ्यांदा वरण वाढलं. पालकांना विषय पटवून द्यायची नवी तऱ्हा त्यांना सापडली होती, आणि ती माझ्या दुकानात सापडल्यामुळे माझी नेमणूक स्पॅनिश विभागात झाली. बिनपगारी.

खरं तर मी या विभागातला सगळ्यात ज्युनिअर. माझ्या आधी आई रुजू झालेली होती. स्पॅनिशमध्ये दोन 'र' आहेत. 'पेरो'तला र साधा म्हटला तर अर्थ 'पण', आणि जिभेचं टोक थरथरवून म्हटला तर 'कुत्रा'. वर्गातल्या पोरांचा कुत्रा काही केल्या भुंकेना. सगळ्यांचं 'पण, पण' चाललेलं. आई एका संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून माकडं हाकलत होती. लहानपणी अमळनेरजवळच्या ज्वारीच्या शेतात मचाणावर बसून पाखरं राखलेली बाई ती. तिनं "हुर्रर्रर्र" म्हटल्याबरोबर माकडं पळाली आणि मॅडम धावत वर आल्या. मोबाइल पुढे धरून म्हणाल्या, "आई, परत." आईनं माकडं नसताना परत म्हटलं. आता दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या महिन्यात तो आवाज ऐकवतात. माद्रिदच्या लोकांना सुद्धा इतका लांब 'र' जमत नसेल. आईनं मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "मन्हा आवाज शाळामा वाजस, मंग मन्हा पगार कोठे शे?"

आईच्या मनात मास्तरकीचं माप एकच, साने गुरुजी. १९२४ ते १९३० गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांच्यासाठी हातानं दैनिक लिहून काढणारे गुरुजी आईनं आजोबांच्या तोंडून इतके ऐकलेत की तिला ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखे वाटतात. मॅडम किती तळमळीनं शिकवतात हे मी तिला सांगायला गेलो. ती म्हणाली, "गुरुजी पोरेसनं बठ्ठं काम सोता करेत. हाई आपलाकडतून करी लेस."

यावर मला काही बोलता आलं नाही, कारण त्याच वेळी मला वेटर व्हायचं होतं.

'डेले' नावाची परीक्षा असते. स्पेन सरकारचा दाखला मिळतो आणि त्याला मुदत नसते. (माझ्या दुकानातल्या प्रत्येक पिशवीवर मुदत छापलेली असते, त्यामुळे मला या गोष्टीचा आदर आहे.) तिच्यात तोंडी परीक्षा असते. त्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीत, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, पोरं व्हिडिओ कॉलवर सराव करतात आणि समोर मी बसतो. कधी डॉक्टर, कधी घरमालक, बहुतेकदा वेटर. मॅडम म्हणतात, ओळखीच्या आवाजाला पोरं सरावतात, परका माणूस हवा. दुपारी दोनला जळगावात परका माणूस मिळत नाही, नवराच मिळतो. वाक्यं देवनागरीत लिहून दिलेली असतात, पण चष्मा दुकानात राहिलेला असतो.

त्या दिवशी एका मुलीनं अस्खलित स्पॅनिशमध्ये सूप मागितलं. मला आठवत होतं एकच वाक्य. "नो आय." म्हणजे, नाही, संपलं. (यातला 'ह' लिहितात, पण म्हणत नाहीत.) तिनं मासे मागितले. नो आय. भात? नो आय. पाणी? नो आय. पोरगी आधी गोंधळली, मग चिडली, मग तिनं मॅनेजरला बोलवायला सांगितलं आणि हॉटेलची अशी काही हजेरी घेतली की मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत? परीक्षेत अनपेक्षित काही आलं तर अशीच मुलं टिकतात!" आई मात्र कोपऱ्यातून रागानं म्हणाली, "मी आठे बठेल शे, आनि हाऊ नो आय काबरं करी राह्यना?"

खरा घोटाळा जुलैत झाला. युरियाची टंचाई, दुकानापुढे रांग. पहिल्याच शेतकऱ्यानं विचारलं, "युरिया शे का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नो आय." त्याला वाटलं हे नवीन खताचं नाव आहे. म्हणाला, "बरं, त्याच्या दोन गोण्या द्या."

वह्यांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की स्पॅनिशमध्ये 'न'च्या डोक्यावर एक नागमोडी रेघ असते, आणि 'मी चौदा वर्षांचा आहे' लिहिताना ती विसरली तर जे वाक्य तयार होतं त्याचा अर्थ मॅडम मला सुद्धा दार लावून सांगतात. दरवर्षी अर्धा वर्ग ती रेघ विसरतो. मॅडम प्रत्येक वहीत ती स्वतः काढतात, मायेनं, रात्री बारा वाजता. दुसऱ्या एका मुलाला 'मला कंटाळा आलाय' म्हणायचं होतं. 'असणे'ची दोन क्रियापदं आहेत, त्यानं चुकीचं घेतलं आणि 'मी कंटाळवाणा आहे' असं लिहून बसला. मॅडम त्या वहीवरून मान वर करून माझ्याकडे का बघत होत्या, ते मी विचारलं नाही.

तसंही त्या विचारणार असल्या की आधी कळतंच. स्पॅनिश अकादमीनं १७५४ साली प्रश्नाच्या सुरुवातीलाही एक उलटं प्रश्नचिन्ह देण्याचं ठरवलं, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे प्रश्न आहे हे अगोदर समजावं. मॅडम मराठी मेसेजमध्येही ते वापरतात. दुकानात गर्दी असताना मोबाइलवर नुसतं ते उलटं चिन्ह चमकतं, मजकूर पुढे असतो, आणि मी वाचण्याआधीच मनातल्या मनात आठवू लागतो, गॅसचा नंबर लावायचा राहिला, की लेकीची फी?

लेक मॅडमच्याच वर्गात आहे. पक्षपात नको म्हणून तिला अर्धा मार्क कमी मिळतो, हे तिनं पुराव्यानिशी सिद्ध केलंय. तिचा सूड असा, की आम्हाला कळू नये ते सगळं ती मॅडमशी स्पॅनिशमध्ये बोलते. मग मी आणि माझी आई अहिराणीत बोलायचो, कारण मॅडम माहेरच्या पुण्याच्या. हा तह बरीच वर्षं टिकला. एकदा जेवताना आई मला म्हणाली, आज भाजीत मीठच नाही. समोरून शांतपणे उत्तर आलं, "मीठ डाक्टरनी कमी कराले सांगेल शे, आई."

पुढे काय झालं ते उघड आहे. फ्रिजवर तक्ता आला. मी करस, तू करस, तो करस. मॅडम हरखून गेल्या होत्या. स्पॅनिशच्या वर्तमानकाळात सहा जणांना सहा वेगळी रूपं, पोरं पाठ करून थकतात, आणि अहिराणीत एकवचनातल्या तिघांना एकच! "केवढी सोय आहे ही, आणि तुम्ही लोकांनी कधी सांगितलं नाही." आम्हाला ती सोय आहे हेच माहीत नव्हतं.

आता द्राक्षांचं. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरला मध्यरात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे बारा टोले पडतात, आणि प्रत्येक टोल्याला एक द्राक्ष खायचं. १९०९ साली आलिकांतेकडे पीक अमाप आलं आणि बागायतदारांनी ही चाल देशभर पसरवली, असं सांगतात. हे ऐकून रावेरचे काका हळहळले. पण तीन-तीन सेकंदांच्या अंतरानं बारा केळी कुणाला झेपणार?

आमच्याकडे अडचण वेळेची. माद्रिदची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. मॅडमनी आपल्या बाराला खायची सवलत साफ नाकारली. पोरं व्हिडिओ कॉलवर येणार, तिकडचे खरे टोले ऐकणार. आदल्या रात्री आम्ही शेतावर भरीत पार्टीला गेलेलो. काड्यांवर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेली हिरवी मिरची, कळण्याची भाकरी. त्यावर झोपलेल्या माणसाला साडेचारला उठवणं हा गुन्हा धरायला हवा. बाहेर नऊ-दहा अंश. सटाण्याकडची आगाप द्राक्षं फ्रिजमधून काढलेली, वाट्यांत बारा-बारा मोजून ठेवलेली. आई शाल गुंडाळून, कवळी लावून तयार. मोबाइलवर वर्गातली डझनभर पोरं कानटोप्या घालून, प्रत्येकाच्या मागे एक जांभया देणारा बाप. त्या बापांशी माझी नजरानजर झाली. आम्ही काही बोललो नाही.

टोले सुरू झाले. तीन सेकंद फार कमी असतात. पहिलं द्राक्ष गिळेपर्यंत तिसरा टोला. लेकीला सहाव्याला ठसका लागला. मी सातव्याला दोन एकदम घातली आणि हिशेब चुकला. मॅडमनी बाराच्या बारा संपवली आणि भरल्या तोंडानं वर्गाला नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, तेवढ्यात एका पोरानं हात वर करून भूतकाळाची शंका विचारली. पहाटे साडेचारला, बिचाऱ्याच्या तोंडात अजून चार द्राक्षं होती. मॅडमनी फळा मागवला.

आईनं पाचव्या टोल्यालाच वाटी खाली ठेवली होती. "आंबट शेतस," ती म्हणाली. "उरेल सात मी सकाय खासू, साखर टाकीसन. तू चहा ठेव आते."

मी म्हटलं, साखर नो आय.