फेब्रुवारीतला वाटाणा कोकणात नको

'वसंताची चाहूल लागली, आता वाटाणा, गाजर, फ्लॉवर पेरा' असा एक मेसेज सध्या फिरतोय. यादी चुकीची नाही, पण ती थंड मुलखातली आहे. तिकडे वसंतात बर्फ वितळतो. आपल्या किनाऱ्यावर फेब्रुवारीत दुपारचा पारा तिशी ओलांडतो. एवढ्या उन्हात वाटाण्याची फुलं गळतात, फ्लॉवरचा गड्डा नीट धरत नाही. ही पिकं आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडावर.

आता वायंगणी मळ्यात (पावसाळ्यानंतर पाणी देऊन पिकवायच्या जमिनीत) किंवा परसात भेंडी, गवार, चवळी, काकडी, पडवळ, कारली लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण तारा' कारलं, 'कोकण सदाबहार' चवळी मिळाली तर उत्तमच. भेंडीचं बी रात्रभर भिजवा; केवड्याला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला) सहजी दाद न देणारी 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' घ्या. लाल माठाचं बी फार बारीक, वाळूत मिसळून फोका, नाहीतर एकाच जागी झुबका उगवतो. महिन्याभरात भाजी ताटात.

कलिंगडाचं मात्र आता उशिराचं काम. फळ हाती यायला अडीच-तीन महिने लागतात, आणि मे महिन्यातला वळीव कोणाचं ऐकत नाही. विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरेल का, हेही बी घेण्याआधीच बघा.