साडेचार तास नेमके कुठून मोजायचे?

एका लेखात ‘पक्षाघाताच्या रुग्णाला साडेचार तासांत दवाखान्यात न्या’ असं म्हटलंय. नुसतं दारात पोचून भागत नाही हो, तेवढ्या वेळात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू व्हायला लागतं. आणि घड्याळ चालू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. पहाटे तोंड वाकडं दिसलं, तर रात्री झोपला ती वेळ डॉक्टरांना सांगा.

या इंजेक्शनचा, म्हणजे अल्टेप्लेसचा, डोस वजनावर ठरतो: किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. म्हणजे ६० किलोला ५४, त्यातले ५.४ एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन, रक्तातली साखर तपासणं, आणि बीपी १८५/११० च्या खाली. चंदगडहून कोल्हापूरला निघालात तर वाटेत सीटी नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावत बसू नका, १०८ बोलवा.

घरात खरा घात होतो तो काळजीपोटी पाजलेल्या घोटभर पाण्यानं. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत उतरतं, मग न्यूमोनिया. ॲस्पिरिनही सीटीआधी नको, आत रक्तस्राव असेल तर तो वाढतो. रोजच्या गोळ्यांची पाकिटं मात्र पिशवीत घालून न्याच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सगळा निर्णयच बदलतो.